आश्विनातला रायगड

पाचाड सोडता तेव्हा अजून झुंजुमुंजू व्हायचंय. शके १५९६, आश्विन शुद्ध पंचमी. इंग्रजांच्या वहीत २४ सप्टेंबर १६७४. जिजाऊसाहेबांच्या वाड्यापाशी पाऊल आपोआप मंदावतं. गडावरची थंड हवा त्यांना मानवत नसे, म्हणून हा वाडा खाली बांधला. त्यांना जाऊन तीन महिने झालेत. तुम्ही हात जोडता आणि वाटेला लागता.

वाट ओली आहे, पण निसरडी नाही. श्रावणात इथे दगडाला पाय ठरत नव्हता. आता शेवाळ काळं पडून सुकू लागलंय. दोन्ही अंगांना तेरडा. गौरी येऊन गेल्या तरी त्याचा गुलाबी रंग ओसरलेला नाही. एखाद्या टपोऱ्या बोंडाला नुसतं बोट लावा. टचकन फुटतं, साल आत वळून गुंडाळते आणि बिया तळहातावर उडतात. लहानपणी हा खेळ ज्यांनी खेळलाय त्यांचा पाय इथून लवकर निघणार नाही, आणि निघूही नये.

महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत असा दडलाय की समोर उभं राहीपर्यंत दिसत नाही. कमानीच्या दोन बाजूंना दोन कमळं कोरलेली, पाकळ्या दवानं चिंब. वर गंगासागर काठोकाठ भरलाय. चार महिने पावसानं या पाण्याला स्वस्थ बसू दिलं नाही. आज मनोऱ्यांचं प्रतिबिंब त्यात न हलता उभं आहे.

आज गडावर पुन्हा राज्याभिषेक आहे. ज्येष्ठातल्या सोहळ्यात उणिवा राहिल्या, असं निश्चलपुरी गोसाव्यांचं म्हणणं. म्हणून हा दुसरा, तांत्रिक पद्धतीचा. ज्येष्ठात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन आला होता. त्या दिवसाच्या वर्णनांनी पुस्तकंच्या पुस्तकं भरली, या दिवसाच्या वाट्याला चार ओळी येतात. मला मात्र मनापासून वाटतं, रायगड भेटावा तो याच दिवसांत.

एका घराचं दार उघडं आहे. आत देवापाशी घट बसलाय; मातीतून बोटभर कोंब वर आलेत, अंधारात वाढल्यामुळे पिवळसर. "टेक जरा लेकरा," म्हातारी म्हणते आणि तवशाची फोड हातावर ठेवते. गार, पाणीदार, सालीकडे किंचित कडसर.

ती खात तुम्ही तटाशी येता. गड सुमारे ८२० मीटर उंच, त्यामुळे काळ नदीचं खोरं भरून राहिलेलं धुकं तुमच्या पायाखाली आहे. ऊन चढतं तसं ते विरत जातं. आधी लिंगाण्याचा सुळका वर येतो. पाच दिवसांनी दसरा. नद्या उतरल्यात, खाली भातं पिवळी पडू लागलीत. सीमोल्लंघन झालं की पावसाळाभर छावणीत बांधलेली घोडी मोहिमेवर निघतील.

मग पूर्वेला तोरणा उघडतो, त्याच्या शेजारी राजगड. पहाऱ्यावरचा मावळा पुढे सरकतो.

"चार म्हैने दिसला न्हाय," तो म्हणतो. "आज दिसला. त्येच्या पायथ्याला माझं घर."

भाला तटाला टेकवून तो बघत राहतो. तुम्ही तवशाची उरलेली अर्धी फोड त्याच्यापुढे धरता.