वहिदा रेहमान : ‘गाइड’च्या आधीच्या भूमिका

२०२३ मध्ये वहिदा रेहमान यांना २०२१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा जिकडेतिकडे ‘गाइड’मधलीच दृश्यं दिसत होती. साहजिकच आहे. पण ‘गाइड’ १९६५चा. त्याआधी दहा वर्षं त्या पडद्यावर होत्या, आणि आम्हाला विचाराल तर त्यांचं घडणं त्या दहा वर्षांतलं आहे. आपल्या घरांत अम्मी-खाला या चित्रपटांविषयी भरभरून बोलतात, पण मुलांना त्यातलं फारसं ठाऊक नसतं. म्हणून त्या भूमिका इथे एकेक करून पाहू.

आधी एक दुरुस्ती. त्यांचा जन्म हैदराबादचा असं अनेक ठिकाणी छापून येतं. ते चूक आहे. जन्म ३ फेब्रुवारी १९३८चा, तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूचा. वडील सरकारी अधिकारी, सतत बदल्या. चार बहिणींत वहिदा धाकट्या. मुलींना भरतनाट्यम शिकवायचं म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण वडील मुलींच्या बाजूनं उभे राहिले. नृत्यगुरूंनी शिकवण्याआधी जन्मपत्रिका मागितली. आता मुसलमानाच्या घरात पत्रिका कुठून येणार? शेवटी गुरूंनी जन्मवेळ विचारून स्वतःच पत्रिका मांडली, आणि मग शिकवायला घेतलं. हा किस्सा वहिदाजींनी स्वतः सांगितलेला आहे.

वडील लवकर गेले. डॉक्टर व्हायचं मनात होतं, ते राहून गेलं. घर चालवायचं तर काम हवं होतं, आणि हातात होतं ते नृत्य. १९५५ मध्ये ‘रोजुलु मारायी’ या तेलुगू चित्रपटात त्यांना एक नाच मिळाला. भूमिका म्हणावी असं काही नव्हतंच. पण तो नाच असा काही गाजला की प्रेक्षक त्यासाठी पुन्हा पुन्हा थिएटरात यायचे. त्याच वर्षी एन. टी. रामाराव यांच्याबरोबर ‘जयसिंह’ही आला. गुरुदत्त त्या सुमारास हैदराबादला गेले होते. या नाचवाल्या मुलीचा गवगवा त्यांच्या कानावर आला, ती उर्दू बोलते हेही कळलं. भेट झाली आणि पुढे मुंबईचं बोलावणं आलं.

मुंबईत काय घडलं ते जरा सविस्तर सांगायला हवं. वहिदाजी तेव्हा सज्ञान नव्हत्या, त्यामुळे करारावर सही अम्मीची लागणार होती. दिग्दर्शक राज खोसला म्हणाले, नाव लांबलचक आहे, बदलू या. तेव्हाची पद्धतच ती. युसूफ खान यांचे दिलीपकुमार झाले होते, मुमताज जहान बेगम यांची मधुबाला, महजबीन बानो यांची मीनाकुमारी. सुरैयांसारखे अपवाद होते, नाही असं नाही. पण नवख्या मुलीनं अपवाद व्हायचं म्हणजे कामावर पाणी सोडायची तयारी हवी. वहिदाजींनी सरळ सांगितलं की आईवडिलांनी दिलेलं नाव बदलणार नाही. वर आणखी एक अट घातली : जे कपडे मला पटणार नाहीत ते मी घालणार नाही, आणि हे करारात लिहून द्या. खोसला वैतागले. गुरुदत्त यांनी काही दिवस घेतले आणि दोन्ही अटी मान्य केल्या. घरात कमावता पुरुष नाही, शहर परकं, आणि ही मुलगी सही अडवून बसली होती. करार हातचा गेला असता तर? हा प्रश्न आमच्या वर्गातल्या मुली हमखास विचारतात.

पहिला हिंदी चित्रपट ‘सी.आय.डी.’ (१९५६). नायिका शकीला. वहिदाजींची कामिनी ही खलनायकाच्या गोटातली बाई. नायकाला निसटता यावं म्हणून ती गाण्यानं खलनायकाचं लक्ष गुंतवून ठेवते, तो प्रसंग आजही पाहण्यासारखा आहे. ओठांवर हसू आणि डोळ्यांत धाकधूक, दोन्ही एकाच वेळी. संवादांच्या दृश्यांत मात्र नवखेपण लपत नाही.

वर्षभरातच ‘प्यासा’ (१९५७) आला आणि गुलाबो आली. देहविक्रय करणारी ही मुलगी रद्दीवाल्याकडून कवितांचे कागद विकत घेते आणि त्यांच्या प्रेमात पडते. ज्या विजयच्या त्या कविता, त्याला घरचे आणि प्रकाशक हिंग लावून विचारत नाहीत. त्याची किंमत ओळखते ती गुलाबो, आणि तो मेला असं समजल्यावर जवळचं सारं देऊन त्या छापून आणायला निघते तीही तीच. बाकी सगळे शिकलेसवरलेले. आम्ही भाषेचे शिक्षक, म्हणून असेल कदाचित, पण कवितेचा खरा वाचक कोण हे इतक्या नेमकेपणानं सांगणारं दुसरं पात्र आम्हाला हिंदी पडद्यावर दिसलेलं नाही. या भूमिकेत संवाद कमी, पाहणं जास्त. जिन्यावरचा प्रसंग आठवा. तो पुढे गच्चीवर, ती मागे, पाय उचलतो आणि थबकतो. एक शब्द न बोलता सगळं कळतं.

‘सोलवा साल’ (१९५८) हलकाफुलका आहे. आईचा मोत्यांचा हार घेऊन घरातून पळालेली मुलगी, हार घेऊन पसार झालेला प्रियकर, आणि वडील जागे व्हायच्या आत घरी पोहोचायची धडपड. एका रात्रीची गोष्ट. लोकलच्या डब्यातलं माउथ ऑर्गनचं गाणं यातलंच. ‘काला बाजार’ (१९६०) मधली अलका आम्हाला जास्त आवडते. तिकिटं काळ्या बाजारातली आहेत हे कळताच ती ती फाडून टाकते, आणि काळा बाजार करणाऱ्या नायकाचं आयुष्य तिथून वळतं.

मधल्या ‘कागज के फूल’ (१९५९) विषयी बरंच लिहिलं गेलंय : भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, व्ही. के. मूर्ती यांचा कॅमेरा, तिकीट खिडकीवरचं अपयश. शांतीकडे मात्र कमी लोक लक्ष देतात. दिल्लीच्या पावसात उसना मिळालेला कोट परत करायला ती मुंबईला येते, चुकून कॅमेऱ्यासमोर जाते आणि नटी होते. दिग्दर्शकाच्या लेकीच्या शब्दाखातर ती सगळं सोडून खेड्यातल्या शाळेत शिकवायला जाते, पण करारच तिला पुन्हा स्टुडिओत ओढून आणतो. करारात स्वतःच्या अटी लिहून घेणाऱ्या मुलीला करारात अडकलेली नटी करावी लागली, ही गंमत आमच्या बरेच उशिरा ध्यानात आली.

‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) आपल्या घरांत सर्वांत लाडका. लखनौ, नवाबी थाट, रवी यांचं संगीत, शकील बदायुनी यांची गीतं. चित्रपट कृष्णधवल, पण शीर्षकगीत पुढे रंगीत चित्रित केलं गेलं. तरी खरं सांगतो, जमीलाची भूमिका आम्हाला अपुरी वाटते. बुरख्याच्या अदलाबदलीतून दोन मित्र नकळत एकाच मुलीत गुंततात, दोघंही दोस्तीसाठी जीव द्यायला निघतात, आणि जमीलाला काय हवंय हे कोणी विचारतच नाही. चेहरा सुंदर टिपलाय यात वाद नाही. पण गुलाबोनंतर हे मागे जाणं होतं.

‘साहिब बीबी और ग़ुलाम’ (१९६२) मध्ये त्यांना छोटी बहूची भूमिका हवी होती. वय कोवळं दिसतं म्हणून ती मीनाकुमारींकडे गेली आणि इतिहास झाला. वहिदाजींनी मग रुसवा न धरता दुय्यम असलेली जबा मागून घेतली. फटकळ, हसरी, स्वतःचं डोकं असलेली ही मुलगी हवेलीच्या काळोखात खिडकी उघडावी तशी वाटते. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी ‘अभिजान’ या बंगाली चित्रपटात त्यांना गुलाबीची भूमिका दिली, आणि १९६३ मध्ये ‘मुझे जीने दो’त चंबळच्या डाकूबरोबर संसार मांडणारी चमेलीजान आली. गुलाबो, गुलाबी, चमेली : समाजानं बाजूला टाकलेल्या तीन बायका, पण एकीच्या चालण्या-बोलण्यात दुसरीची नक्कल नाही.

पुढची पायरी रोझी. नवऱ्याला सोडून जाणारी बाई रंगवलीस तर कारकीर्द संपेल, असं हितचिंतकांनी बजावलं होतं. तरी त्यांनी होकार दिला. एक कारण उघड आहे : रोझी नर्तकी होती. ज्या नृत्यासाठी लहानपणी पत्रिका मांडावी लागली, त्याला गुरुदत्त यांच्या चित्रपटांत फारशी जागा मिळाली नव्हती. पडद्यावर ते मनसोक्त आलं ते ‘गाइड’मध्येच.