होगन, जिमी
होगन, जिमी (१६ ऑक्टोबर १८८२–३० जानेवारी १९७४) : इंग्लिश फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म लँकशरमधील नेल्सन या गिरणगावात. बर्नली, फुलम, बोल्टन वाँडरर्स इत्यादी क्लबांकडून आघाडीच्या फळीत खेळला. खेळाडू म्हणून त्याची कामगिरी बेताचीच.

बर्नलीतला एक प्रसंग मात्र तो पुढे आवर्जून सांगे. त्याचा फटका गोलवरून गेला, तेव्हा आपला पाय चुकला की तोल, असे त्याने व्यवस्थापकाला विचारले. मारत राहा, दहांतला एक आत गेला तरी पुष्कळ, असे उत्तर मिळाले. त्या काळी इंग्लंडमध्ये सराव म्हणजे मुख्यतः पळणे. आठवडाभर चेंडू दिला नाही की शनिवारी खेळाडू त्यावर तुटून पडतात, असा समज होता. होगनने उलट चेंडूच हातात घेतला. चेंडू थोपवणे, ताब्यात ठेवणे, जमिनीलगत आखूड पास देणे हे तो तोंडाने कमी, स्वतः करून दाखवून जास्त शिकवी.

१९१० मध्ये तो हॉलंडमधील डोर्ड्रेख्त क्लबचा प्रशिक्षक झाला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकसाठी ऑस्ट्रियन फुटबॉलचा संघटक ह्यूगो माइस्ल याने त्याला ऑस्ट्रियाच्या संघासाठी बोलावले. १९१४ मध्ये व्हिएन्नाला परतताच महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला अटक झाली. नंतर बुडापेस्टच्या एमटीके क्लबने त्याला मागून घेतले. बागेत खेळणारी ऑर्थ आणि ब्राउन ही दोन पोरे त्याने तिथेच हेरली; दोघेही पुढे हंगेरीकडून खेळले. १९१७ ते १९२५ एमटीके सलग विजेता राहिला, मात्र यातली शेवटची वर्षे सगळीच त्याच्या खाती मांडता येत नाहीत.

युद्धानंतर मायदेशी मदत मागायला गेल्यावर फुटबॉल संघटनेने आघाडीवरच्या सैनिकांना पाठवत त्या खाकी मोज्यांचे तीन जोड पुढे केले, असे त्याचे सांगणे.

त्यानंतर स्वित्झर्लंड आणि ड्रेस्डेन. ड्रेस्डेनमध्ये त्याच्या हाताखाली शिकलेला हेल्मुट श्योन १९७४ च्या विश्वविजेत्या पश्चिम जर्मनीचा प्रशिक्षक. १९३० च्या दशकातील ऑस्ट्रियाच्या ‘वुंडरटीम’मध्ये (अद्भुत संघ) होगनचा वाटा किती आणि माइस्लचा किती, यावर मतभेद आहेत.

फुलमने १९३५ मध्ये तो रुग्णालयात असतानाच त्याला काढून टाकले. अ‍ॅस्टन व्हिला १९३८ मध्ये त्याच्या हाताखाली दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन वर चढला. पुढे काही काळ सेल्टिकमध्ये; नंतर पुन्हा व्हिलाकडे, युवा खेळाडूंचा प्रशिक्षक म्हणून.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६–३ असे हरवले. हंगेरियन संघटनेचे अध्यक्ष शांडोर बार्च यांनी या खेळाचे श्रेय उघडपणे होगनला दिले. तो स्वतः व्हिलाच्या पोरांना घेऊन प्रेक्षकांत बसला होता.