वादळाने उखडलेले पत्रे आणि घराचा विमा

घराच्या पश्चिमेकडील भिंतीला पावसाची झड लागू नये म्हणून बाहेरून पत्रे मारण्याची पद्धत कोकणात परिचित आहे. वाऱ्याचा पहिला मारा याच भागावर होतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ याच किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. अशा नुकसानीची भरपाई घराच्या विम्यातून मिळते. मात्र नुकसान वादळानेच झाले, हे दिसून यावे लागते.

विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२१ पासून निवासी घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू झाली. आग, भूकंप, पूर, दरड यांच्याबरोबर वादळ आणि चक्रीवादळ यांचाही तिच्या मूळ संरक्षणात समावेश आहे. झाड कोसळून भिंत खचली, तर तेही नुकसान त्यात येते. ‘घर’ या शब्दाची व्याप्ती येथे मोठी आहे. पडवी, गॅरेज, कुंपणाची भिंत, फाटक, पाण्याची टाकी, छपरावरील सौर पॅनेल यांचाही विचार होतो. मात्र प्रस्ताव अर्ज भरताना त्यांचा व भिंतीवरील पत्र्यांचा स्वतंत्र उल्लेख करणे श्रेयस्कर. नंतर केलेल्या वाढीव बांधकामाने चटई क्षेत्र दहा टक्क्यांहून अधिक वाढले असेल आणि जादा हप्ता भरलेला नसेल, तर त्या भागाला संरक्षण मिळत नाही. पडवी बंदिस्त करून खोली काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

विम्याची रक्कम किती असावी, याविषयी बराच गैरसमज आढळतो. घराचा बाजारभाव येथे गैरलागू आहे. वारा जमीन उडवून नेत नाही. चटई क्षेत्राला बांधकामाच्या प्रचलित दराने गुणून ही रक्कम काढतात. ६०० चौरस फुटांचे घर आणि २,५०० रुपये दर धरला, तर ती १५ लाख रुपये होते. इमारतीबरोबर घरातील सामानाचाही विमा या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, वेगळी यादी न देता मिळतो. पूर्वी विमा कमी रकमेचा असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाई. २० लाखांच्या घराचा १० लाखांचाच विमा असला, की दोन लाखांच्या नुकसानीपोटी एकच लाख हाती पडे. ‘गृह रक्षा’मध्ये ही कपात रद्द झाली आहे, आणि सामान्य घरमालकाच्या दृष्टीने हीच तिची सर्वांत मोठी जमेची बाजू होय.

खरा वाद उद्भवतो तो भिंतीपाशी. वाऱ्याने पत्रा उखडला आणि त्यामागून पाणी शिरून गिलावा पडला, तर तो वादळाचा परिणाम ठरतो. पत्र्याचे खिळे आधीच गंजलेले होते, भिंतीला वर्षानुवर्षे ओल होती, असे सर्वेक्षकाला दिसले की दावा अडतो. कारण झीज, गंज आणि नित्याची गळती विम्याच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणून दर वर्षी मेअखेरीस घराची चारही बाजूंनी दिनांकासह छायाचित्रे काढून ठेवावीत. दुरुस्तीच्या पावत्या जपाव्यात. पॉलिसी दुरुस्तीचा खर्च देते, सुधारणेचा नव्हे. साध्या पत्र्याच्या जागी उंची पत्रा बसवल्यास वरचा फरक मालकाला सोसावा लागतो.

वादळ ओसरताच विमा कंपनीला तत्काळ कळवावे. दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. उघड्या पडलेल्या भिंतीवर ताडपत्री जरूर टाकावी, पण त्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि उडालेले पत्रे सर्वेक्षक येईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नयेत. तलाठ्याने केलेला पंचनामा शासकीय मदतीसाठी असतो. तो पुरावा म्हणून जोडता येतो, परंतु कंपनीच्या सर्वेक्षणाची जागा घेऊ शकत नाही.

सदनिकाधारकांचा प्रश्न थोडा निराळा. बाहेरची भिंत आणि गच्ची यांच्या दुरुस्तीची जबाबदारी सामान्यतः गृहनिर्माण संस्थेची असते. आदर्श उपविधींमध्ये इमारतीच्या विम्याबाबत आग व भूकंप या जोखमींचा उल्लेख आहे. वादळाचे संरक्षण घेतले आहे की नाही, हे संस्थेच्या पॉलिसीत पाहावे. वार्षिक सभेत हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो! गृहकर्ज असलेल्यांनी आणखी एक खातरजमा करावी. कर्जासोबत दिलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नव्हे.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी दाद मागावी. तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत, तक्रारीला शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. कंपनीचा नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार दाखल करावी लागते; नकाराचे पत्र, पॉलिसीची प्रत आणि छायाचित्रे सोबत जोडावीत.