पानांचा हिरवा, तव्याचा काळा



मागच्या दिवाळीत आमच्या गटानं पुठ्ठ्यावर चित्रं काढून विकली. रंग सगळे घरचे. हळद, पालकाचा रस, गेरू, तव्याची काजळी. प्रदर्शनात ती हातोहात गेली, आणि आम्ही खूश. दोन महिन्यांनी एक ताई चित्र घेऊन परत आल्या. झाडाचा हिरवा रंग मातकट झालेला, हळद उडून गेलेली. गेरू आणि काजळी मात्र जशीच्या तशी. आम्ही ओशाळलो, पैसे परत केले. मग बैठकीत विषय निघाला की आपल्या आज्या याच रंगांनी भिंती सजवायच्या, त्यांचे कसे टिकायचे? गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, "टिकत कुठं होते? दर सणाला नवं काढायचो."

मावशींचं ते बोलणं मनात ठेवून आजची गोष्ट ऐका. गोष्ट आहे मध्य प्रदेशातली, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची.

झाबुआ जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेला लागून पिटोल नावाचं गाव आहे. तिथल्या भिल्ल घरातली भुरीबाई. लहानपणापासून घराच्या भिंतींवर चित्रं काढायची. लाल हवा तर गेरू, पांढरा हवा तर खडीची माती, पिवळा हळदीचा, काळा तव्याच्या काजळीचा, हिरवा पानं चोळून. कडुनिंबाच्या काडीला चिंधी बांधली की झाला कुंचला. त्या भागात पिठोरा म्हणून नवसाचं चित्र असतं, घोड्यांचं. ते घराच्या आत काढतात, पण ते काढायचा मान पुरुषांचा. शेजारच्या राठवा समाजात तर त्यासाठी भिंत सारवून द्यायची मुलींनी आणि घोडे काढायचे पुरुषांनी, अशी रीत. हे ऐकून आमच्या गटात बराच वेळ हसणं चाललं होतं. का, ते तुम्हाला सांगायला नको.

लग्न होऊन भुरीबाई भोपाळला आल्या त्या मजुरीसाठी. तेव्हा तिथं तलावाकाठी भारत भवन नावाचं मोठं कलाकेंद्र बांधणं चालू होतं. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही इमारत, फेब्रुवारी १९८२ मध्ये तिचं उद्घाटन झालं. तिथं भुरीबाई घमेली उचलायच्या. रोज सहा रुपये.

याच जागी दुसरा माणूस येतो, जगदीश स्वामीनाथन. हे दिल्लीचे नावाजलेले चित्रकार. तमिळ घरातले, जन्म सिमल्याचा, १९२८ सालचा. त्यांची चित्रं अमूर्त. म्हणजे चित्रातला डोंगर खऱ्या डोंगरासारखा नसतो, हवेत तरंगतो, शेजारी एकच पक्षी, आणि मागं सगळा सपाट पिवळा रंग. आपण रांगोळीत ठिपके, त्रिकोण, वेल जोडतो, तेव्हा "हे कशाचं चित्र?" असं कोणी विचारत नाही ना? तसंच ते. तरुणपणी ते कम्युनिस्ट पक्षात होते आणि लग्नानंतर काही काळ बैतूलच्या जंगलात आदिवासींमध्ये राहिले होते. बैतूल म्हणजे आपल्या मेळघाटाला लागूनच. भारत भवनातल्या चित्रसंग्रहालयाचे ते पहिले संचालक. त्यांनी तरुण चित्रकारांना खेड्यापाड्यांत पाठवून चित्रं, मूर्ती गोळा करायला लावल्या. पाटणगढचा गोंड तरुण जनगढसिंह श्याम असाच सापडला. शहरातल्या शिकलेल्या चित्रकारांची चित्रं आणि आदिवासींची चित्रं एकाच छताखाली, बरोबरीनं ठेवायची, असा त्यांचा हट्ट होता.

त्यांनी बांधकामावरच्या बायांना विचारलं, तुमच्याकडं घरात चित्रं काढतात ना, मला काढून दाखवाल का? भुरीबाईंना हिंदी धड येत नव्हती. त्यांची पहिली शंका अगदी आपल्यासारखी होती. मी चित्र काढत बसले तर माझं काम कोण करील, रोज कोण देईल? चित्र काढण्याचे दहा रुपये मिळतील, असं उत्तर आलं. घमेल्याचे सहा, बसून चित्र काढायचे दहा! हे त्यांना किती तरी दिवस खरं वाटत नव्हतं, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे.

हातात कागद आला, आणि डबीतले तयार पोस्टर रंग. पानं चोळायला नकोत, काजळी खरवडायला नको. रंग झगझगीत आणि टिकणारा. भुरीबाई तिथून पुढं कागदावर, कॅनव्हासवर काढत राहिल्या. झाडं, मोर, हरणं, जत्रा, सगळं बारीक ठिपक्यांनी भरलेलं.

आता गंमत बघा. भुरीबाई पानांच्या रंगाकडून डबीच्या रंगाकडं गेल्या, आणि स्वामीनाथन उलट्या वाटेनं आले. १९९४ मध्ये ते वारले, पण त्याआधीच्या वर्षांत त्यांच्या चित्रांतले पक्षी आणि डोंगर गेले. मातीचे, नैसर्गिक रंग आले, गेरूची नि काजळीची आठवण व्हावी असे. गावच्या भिंतीवर असतात तशा नागमोडी रेघा आणि त्रिकोण आले. ज्या बाईला त्यांनी डबी दिली, तिच्याच घरच्या भिंतीवरून ते शिकत होते. मोठ्या शहरांतल्या लिलावात अशा चित्रांना आज प्रचंड किंमत येते. पालातल्या भिंतीवरचं तेच रूप मात्र पावसात धुऊन जायचं आणि त्याचा हिशोब कुठंच नाही.

तयार रंग घेतला म्हणून भुरीबाईंनी काही गमावलं का? आमच्या बैठकीत यावर वाद झाला. काही जणी म्हणाल्या, जुनं ते खरं. आम्हाला तसं वाटत नाही. पानाचा हिरवा उन्हानं मरतो, हळद उडते, आणि चुना लागला तर लाल होते, म्हणून तर आपल्याकडं हळदीचं कुंकू होतं. भिंतीला ते चालतं, कारण सणाला बाई पुन्हा रंगवते. कागद एकदा विकला की तो आपल्या हातात नसतो. शिवाय पानं चोळण्यात गेलेल्या तासांची मजुरी भुरीबाईंना कोणी देत नव्हतं. आम्हीसुद्धा आमच्या चित्राची किंमत लावताना पुठ्ठा आणि डिंक धरला होता. हळद घरची, काजळी फुकट, आणि आमचे हात तर कुणी मोजलेच नाहीत.

पुढं मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान भुरीबाईंना मिळाला. भोपाळच्या आदिवासी संग्रहालयात सत्तर फूट लांबीच्या भिंतीवर त्यांनी स्वतःचंच आयुष्य काढलं आहे. पिटोलचं घर, मजुरी, भारत भवन, सगळं त्यात आहे. २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत भारत भवनाचा वर्धापनदिन होता आणि त्या प्रमुख पाहुण्या होत्या.

आमच्या गटात आता गेरू, पांढरी माती आणि काजळी एवढेच घरचे रंग वापरायचे ठरलं आहे, डिंक घालून. हिरवा बाजारातून आणायचा. आणि वहीत एक नवा रकाना आखला आहे, काजळी खरवडण्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत गेलेल्या तासांचा.