वजन उचललं की पाय जड होतात? एका जुन्या भीतीचा इतिहास

(आपल्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय एका श्रोत्या ताईंच्या प्रश्नावरून निघाला. त्यांची मुलगी पंधरा वर्षांची, कबड्डी खेळते, चढाई करते. तिचे कबड्डीचे सर सांगतात, "जिमला जाऊ नकोस, अंग जड होईल, पाय चालणार नाहीत." घराजवळच्या जिममधला ट्रेनर सांगतो, "सहा महिने खेळ बाजूला ठेव, आधी ताकद कमव, मग बघ." ताईंचा प्रश्न असा, की ऐकायचं कुणाचं?

प्रश्न साधा वाटतो. पण बघा, या दोन वाक्यांमागे निदान दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि गंमत म्हणजे दोघांच्याही म्हणण्यात थोडं खरं आहे, आणि दोघांचंही बरंचसं चुकतंय. ते कसं, हे समजायला आधी अमेरिकेत जाऊ.

पाठ खाजवून दाखव

साल १९४०. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफील्ड कॉलेज. बास्केटबॉलचा जन्म इथलाच, १८९१ मधला. देशभरातले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक इथे तयार व्हायचे, त्यामुळे इथल्या प्राध्यापकांच्या शब्दाला वजन होतं. आणि तो शब्द असा होता, की वजन उचलू नका. वजनं उचलणाऱ्याचे स्नायू आखडतात, तो फुगतो पण मंद होतो. इंग्रजीत याला 'मसल-बाउंड' म्हणायचे, म्हणजे स्वतःच्याच स्नायूंनी जखडलेला. पोहणं, धावणं, टेनिस, बेसबॉल, सगळीकडचे प्रशिक्षक हेच सांगायचे.

त्या दिवशी बॉब हॉफमन नावाचा वजनांचा कारखानदार तिथे दोन खेळाडू घेऊन आला होता, जॉन ग्रिमेक आणि जॉन डेव्हिस. प्रात्यक्षिक झालं आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली. पीटर कार्पोविच नावाचे प्राध्यापक उभे राहिले. शरीरशास्त्रातलं मोठं नाव, आणि वजनांचे विरोधक. त्यांनी ग्रिमेकला सांगितलं, जरा पाठ खाजवून दाखव. म्हणजे एवढे दंड असताना हात पाठीपर्यंत पोचतो तरी का, ते बघू. ग्रिमेकने हसत हसत पाठ खाजवली, वरून आणि खालूनही. मग तो दोन्ही पाय फाकवून सरळ जमिनीला टेकला. सभागृहातल्या बऱ्याच जणांना तेवढं करता आलं नसतं.

इथे गोष्ट संपली असती तर ती नुसती फजितीची गोष्ट झाली असती. पण कार्पोविच खरे अभ्यासक. आपला समज चुकला असेल तर तो मोजून बघायला हवा, असं त्यांनी ठरवलं. १९५१ मध्ये विल्यम झोर्बाससोबत त्यांनी एक अभ्यास छापला. सहाशे माणसं, त्यातली तीनशे वजनं उचलणारी आणि तीनशे न उचलणारी. प्रत्येकाने एक दांडा हाताने जमेल तितक्या वेगाने गरागरा फिरवायचा. वजनवाले हळू निघतील अशी अपेक्षा होती. निघाले वेगवान.

म्हणजे कबड्डीच्या सरांची जी भीती आहे, ती पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच मोजली गेली आणि खोटी ठरली.

दहाचे तीन सेट कुठून आले

याच काळात दुसरीकडून एक वाट निघत होती, आणि ती चक्क इस्पितळातून. दुसरं महायुद्ध चालू होतं. शिकागोच्या लष्करी इस्पितळात गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असायचे. त्यांना द्यायचा व्यायाम अगदी हलका, वजन नाममात्र आणि आवर्तनं भरपूर. तिथे थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याला पोरवयात संधिवाताचा ताप येऊन गेला होता, आणि त्यातून उठल्यावर वजनं उचलूनच त्याने अंग कमावलं होतं. त्याने सैनिकांवर उलटा प्रयोग केला. वजन जड, आवर्तनं कमी, आणि ताकद वाढेल तसं वजनही वाढवायचं.

१९४५ मध्ये त्याचा पहिला निबंध आला. १९४८ मध्ये वॉटकिन्ससोबत त्याने पद्धत आणखी सुटसुटीत केली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं ते शोधायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण वजनाने. दहाचे तीन सेट. आज तुम्ही नाशिकच्या जिममध्ये जा, नाहीतर नागपूरच्या. भिंतीवरच्या तक्त्यावर जे 'दहाचे तीन' लिहिलेलं असतं, त्याचं मूळ या इस्पितळात आहे.

आता गंमत अशी, की विज्ञान बदललं तरी मैदान लगेच बदलत नाही. १९६९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली या तरुणाला फुटबॉल संघाच्या ताकदीचं काम दिलं. फुटबॉल म्हणजे त्यांचा, अंगावर धावून जाण्याचा. एप्ली आधी बांबू-उडीचा खेळाडू, पाठ दुखावल्यामुळे वजनांच्या खोलीत रमलेला. मुख्य प्रशिक्षक बॉब डिव्हेनी यांनी कामावर घेताना बजावलं, की एकही पोरगा मंदावला तर तुझी नोकरी गेली. १९६९ साली! कार्पोविचच्या निबंधाला अठरा वर्षं झाली होती. पुढे १९७० आणि १९७१ मध्ये नेब्रास्काने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि हळूहळू प्रत्येक संघात असा माणूस दिसू लागला. १९७८ मध्ये या लोकांची संघटनाही उभी राहिली.

हातोडा कधीच सारखा पडत नाही

इथपर्यंत ऐकून जिमवाला ट्रेनर म्हणेल, बघा, मी सांगत होतो! पण थांबा. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मॉस्कोत घडला.

१९२० च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन नावाचा शास्त्रज्ञ कामगारांच्या हालचालींचे फोटो घेत होता. कामगाराच्या सांध्यांवर छोटे दिवे लावायचे, कॅमेऱ्यासमोर फिरती चकती ठेवायची, म्हणजे एकाच काचेवर हालचालीचे शेकडो ठिपके उमटायचे. हातोडा मारणारे कामगार मुरलेले होते. दिवसभर तेच काम, हजारो घाव. बर्नस्टाइनला काय दिसलं? हातोड्याचं टोक जवळजवळ दर वेळी जिथे पडायला हवं तिथे पडतं. पण खांदा, कोपर, मनगट यांची वाट दर वेळी थोडी वेगळी असते. खांदा जरा जास्त गेला, तर मनगट ते भरून काढतं.

म्हणजे काय, तर कसबी माणूस एकच हालचाल घोकत नसतो. तो एकच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवत असतो. बर्नस्टाइनने याला 'पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती' असं नाव दिलं. १९४७ मध्ये त्याचं मोठं पुस्तक आलं, त्याला स्टालिन पारितोषिकही मिळालं. मग त्याचे विचार पावलोवच्या सिद्धांताशी जुळत नाहीत म्हणून त्यालाच बाजूला सारलं. १९६६ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी त्याचं लेखन इंग्रजीत आलं, तेव्हा कुठे पश्चिमेला तो ठाऊक झाला.

हे ताकदीशी कसं जोडायचं? १९९४ चा एक अभ्यास आहे, नेदरलँड्समधल्या बॉबर्ट आणि व्हान सूस्ट यांचा. त्यांनी संगणकात उडी मारणारा एक माणूस तयार केला. कुठल्या स्नायूला कधी इशारा द्यायचा, हे त्याच्यासाठी जुळवून ठेवलं होतं. मग त्यांनी त्याचे स्नायू जास्त ताकदवान केले, पण इशाऱ्यांच्या वेळा जुन्याच ठेवल्या. उडी उंच व्हायला हवी ना? झाली बुटकी. ताकद वाढली आणि उडी घटली! मग इशाऱ्यांच्या वेळा नव्या ताकदीला जुळवून घेतल्या, तेव्हा कुठे उडी वाढली.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. कबड्डीच्या सरांनी डोळ्यांनी जे पाहिलं असेल, ते खोटं नसणार. एखादा पोरगा सुट्टीत जिमला गेला, दंड कमावून आला आणि चढाईत अडखळला. सरांनी निष्कर्ष काढला, वजनाने पाय जड झाले. पाय जड झाले नव्हते. अंग नवं होतं आणि चाल जुनी होती. खेळ बाजूला ठेवून ताकद कमावली, तर ही गाठ पडणारच.

सोव्हिएत प्रशिक्षकांनी हा प्रश्न मैदानावरच धसाला लावला. युरी वेर्खोशान्स्कीने उंचवट्यावरून खाली उतरून लगेच वर उसळण्याचे व्यायाम बसवले, कारण खेळात ताकद दाखवायला वेळच मिळत नाही, क्षणाचाही काही भागच मिळतो. अनातोली बोंदारचुक हा हातोडाफेकीतला १९७२ चा ऑलिंपिक विजेता. पुढे प्रशिक्षक झाल्यावर तो वर्षानुवर्षं नोंदी ठेवत राहिला, कुठल्या व्यायामात सुधारणा झाली की हातोडा लांब जातो आणि कुठल्या व्यायामात नाही. त्याला दिसलं, की सुरुवातीच्या खेळाडूला जवळजवळ कुठलीही ताकद कामी येते. पण खेळाडू जसजसा वर चढतो, तसतशी नुसत्या बारबेलची ताकद फेकीत उतरेनाशी होते. मग कामी येतात जड-हलके हातोडे, म्हणजे खेळाच्या अगदी जवळची हालचाल. त्याचा शिष्य युरी सेदिख याने १९८६ मध्ये ८६.७४ मीटरची फेक केली. तो विश्वविक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

आपल्या तालमीत काय होतं

हे ऐकताना तुमच्यापैकी काहींना आपली तालीम आठवली असेल. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब, आणि त्याच वेळी, त्याच हौद्यात लढत. सकाळी कमावलेली ताकद संध्याकाळी जोडीदाराच्या पकडीत तपासली जायची. ताकद एका इमारतीत आणि डाव दुसऱ्या इमारतीत, अशी वाटणीच नव्हती.

ती वाटणी कशी होते, हे मुद्गलाच्या प्रवासातून दिसतं. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात मुद्गल पाहिले आणि उचलले. १८३४ च्या डोनाल्ड वॉकरच्या इंग्रजी व्यायामपुस्तकात ते आले. पुढे ते हलके झाले, रंगीत झाले, आकड्यांच्या तालावर फिरू लागले. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर त्यांची स्वतंत्र स्पर्धाच झाली. पैलवानाचा खांदा कुस्तीसाठी तयार करणारं साधन कुस्तीपासून सुटलं आणि स्वतःच एक खेळ होऊन बसलं.

पण म्हणून 'आपल्याकडे सगळं होतंच' असं म्हणून मोकळं होता येत नाही. खाशाबा जाधवांचं बघा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. लाल मातीत घडलेलं अंग, ढाक हा हुकमी डाव. १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा समोर मॅट होती. मातीत चितपट होईपर्यंत लढायचं, इथे घड्याळ आणि गुण. पाय रोवायला माती नाही, नियम वेगळे. अंगात ताकद तीच, डाव तोच, पण प्रश्न नवा. तरी ते सहावे आले. मग चार वर्षं त्यांनी तोच नवा प्रश्न सोडवण्यात घातली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चार वर्षांत बदललं ते मुख्यतः हेच, की मातीतली ताकद त्यांनी मॅटवर उतरवली.

तालमीत एक गोष्ट कमी होती, ती म्हणजे मोजमाप. वस्तादाची नजर तयार असायची, पण कुठल्या पठ्ठ्याला कशाने फरक पडला याची वही क्वचितच असायची. वस्ताद गेला की ते ज्ञानही गेलं. कार्पोविच, डीलॉर्म, बोंदारचुक यांच्याकडे वही होती. म्हणून त्यांच्या चुका सापडल्या आणि दुरुस्तही झाल्या.

तर ताई, तुमच्या प्रश्नाकडे परत येतो. सरांना सांगा, वजनाने पाय जड होत नाहीत. ट्रेनरला सांगा, खेळ बंद करून कमावलेली ताकद खेळात आपोआप उतरत नाही. मुलीला दोन्ही एकत्र करू द्या. आठवड्यातून दोनदा, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं, आणि त्याच आठवड्यात चढाया चालूच. चढायाही एकसारख्या नकोत. कधी समोर सात जण, कधी तीन, कधी थकल्यावर, कधी अंगण छोटं करून. आणि एक वही ठेवा. कुठल्या महिन्यात काय उचललं, उडी किती, मधल्या रेषेपर्यंत परतायला किती वेळ लागला. सहा महिन्यांनी ती वही सर आणि ट्रेनर दोघांनाही एकत्र बसवून दाखवा.

बहुतेक वेळा ही दोन माणसं एकमेकांशी बोललेलीच नसतात. आणि मधल्या मध्ये पोरीची दोन वर्षं जातात. पंधराव्या वर्षी दोन वर्षं फार मोठी असतात.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावच्या तालमीत कुणी जुन्या वस्तादाने लिहिलेली वही असेल तर जरूर कळवा, त्यावर एक भाग करू. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.