मलेरियाची गोळी आणि पेशीतली घंटागाडी

उपवासाने ऑटोफॅजी वाढते म्हणतात, मग ती मोजायची रक्ततपासणी कुठे होते, असं तुमच्यापैकी बरेच जण हल्ली विचारतात. नंदुरबारला होत नाही, आणि रुग्णांसाठीची अशी नेहमीची तपासणी मुंबईतही नाही. का नाही, ते तिचा इतिहास वाचला की कळतं. त्यात तुमच्या ओळखीची एक गोळीही आहे.

ऑटोफॅजी म्हणजे पेशीने आपलाच जुना, मोडका माल पिशवीत भरून पचवणं. हे नाव क्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी 1963 मध्ये दिलं. तेव्हा पुरावा म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पिशव्या. त्या दिसायच्या, पण काम किती चाललंय ते कळायचं नाही. पुढे जपानच्या योशिनोरी ओसुमींनी यीस्टमध्ये यामागची जनुकं शोधली (त्याबद्दल 2016 चं नोबेल), आणि 2000 मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींत एलसी3 हे प्रथिन या पिशव्यांवर चिकटतं हे दाखवलं गेलं. मग सोपं वाटू लागलं: वेस्टर्न ब्लॉटवर त्या चिकटलेल्या एलसी3चा पट्टा गडद, म्हणजे ऑटोफॅजी जास्त.

इथेच फसगत होते. गल्लीत चार घंटागाड्या उभ्या दिसल्या, तर कचरा भराभर उचलला जातोय म्हणायचं, की डेपोचं फाटक बंद असल्याने गाड्या तुंबल्यात?

म्हणून प्रयोगशाळेत फाटक मुद्दाम बंद करतात. कशाने? क्लोरोक्विनने! हो, तीच कडू गोळी, जी धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हिवतापासाठी वर्षानुवर्षं दिली गेली. 1934 मध्ये जर्मनीत बायर कंपनीत तयार झालेलं हे औषध लायसोसोममधली आम्लता घालवतं आणि तिथलं पचन थांबवतं. अर्ध्या पेशींना ते द्यायचं, अर्ध्यांना नाही. दिल्यावर पट्टा आणखी गडद झाला, तर गाड्या धावत होत्या. तेवढाच राहिला, तर फाटक आधीपासूनच बंद असावं. यासाठी जिवंत पेशी लागतात. बाटलीतल्या रक्ताच्या एका आकड्याने ते भागत नाही.

तेव्हा 'तीन दिवसांत ऑटोफॅजी दुप्पट' असं मोबाईलवर आलं, तर कोणाच्या पेशींत आणि फाटक बंद करून मोजली का, हे विचारा. आपल्या भागात सिकलसेल बराच आहे. ज्यांचा रिपोर्ट 'एसएस' आहे त्यांनी या नादात निर्जळी उपवास करू नये. अंगातलं पाणी कमी झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात.