'लोगो'चे कासव व त्यापूर्वीची भाषा

मुलांना संगणकाच्या आज्ञावल्या रचावयास शिकविण्याचा इतिहास जमिनीवर फिरणाऱ्या यांत्रिक कासवापासून सांगण्याचा प्रघात आहे. तो क्रम बरोबर नाही. १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे फर्झाइग, पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन प्रभृतींनी 'लोगो' सिद्ध केली, तेव्हा तीत कासव नव्हते. शब्द व वाक्ये यांची जुळणी होती. (नावच मुळी 'शब्द' या अर्थाच्या ग्रीक पदावरून घेतलेले.) पॅपर्ट यांनी नमूद केलेले एक उदाहरण मोलाचे आहे. १३ वर्षांची एक मुलगी यंत्राकडून वाक्ये रचून घेऊ लागली. शब्दांची वर्गवारी केल्यावाचून वाक्य जुळेना, आणि नाम व क्रियापद हे भेद कशासाठी, हे तिला तेव्हा उमगले. आम्हां व्याकरण शिकविणाऱ्यांना हे वर्षानुवर्षे साधत नाही!

कासव आले ते १९७० च्या सुमारास. ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये ब्रिस्टल येथे बनविलेले कासव प्रकाशाकडे आपण होऊन वळे. लोगोचे कासव मात्र 'पुढे ५०, उजवीकडे ९०' असे मुलाने सांगितल्यावाचून हलत नसे. हेच चार वेळा सांगितले की चौरस पुरा होई; चुकल्यास मूल स्वतः ती वाट चालून पाही. १९९८ मधील लेगो कंपनीच्या संचास पॅपर्ट यांच्या १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' ग्रंथाचे नाव लाभले. त्यात जुळवावयाची ती चाके, मोटारी व संवेदक, शब्द नव्हेत.